सायटेशन, एच-इंडेक्स आणि सहलेखन : आपल्या संशोधनाचा प्रभाव स्वतः कसा मोजावा

एकाच माणसाचा, एकाच दिवशी काढलेला एच-इंडेक्स एका ठिकाणी ८ आणि दुसऱ्या ठिकाणी ३ असू शकतो, हे मला माझी पदोन्नतीची फाईल शेऱ्यासह परत आली तेव्हा कळले. आपल्या निबंधाचा पुढच्या कुठल्याही लेखनात संदर्भ आला की ते एक सायटेशन; आणि निदान तितक्याच सायटेशनचे जितके निबंध असतील तो एच-इंडेक्स, म्हणजे निदान ६ सायटेशनचे ६ निबंध असले की ६. मी प्राणिशास्त्राचा शिक्षक आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवतो आणि गावतलावांतल्या माशांवर काम करतो. फाईलमध्ये एका पानावर मी गूगल स्कॉलरचा आकडा लिहिला होता, दुसऱ्या पानावर स्कोपसचा (दोन्ही सायटेशन मोजणाऱ्या ऑनलाइन यंत्रणा), आणि कोणता आकडा कुठून व कोणत्या तारखेला घेतला याची नोंद कुठेच नव्हती. छाननी करणाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला होता, की यांतला खरा कोणता. उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आले की दोन्हींमागच्या याद्याच चुकीच्या होत्या. एकात दुसऱ्याच कुणाचे शोधनिबंध माझ्या नावावर चढले होते आणि दुसऱ्यात माझेच निबंध दोन वेगळ्या माणसांत वाटले गेले होते.

ती फाईल पुन्हा सादर करेपर्यंत मी जे शिकलो ते येथे क्रमाने लिहीत आहे. नुकतीच पीएच.डी. झालेली आणि पहिल्या स्थाननिश्चितीची तयारी करणारी, अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना विद्यापीठाला संलग्न असलेल्या लहान महाविद्यालयांतली शिक्षक मंडळी डोळ्यांसमोर आहेत. जिथे स्कोपसची वर्गणी नसते, ग्रंथपालाचे पद कधी कधी रिक्त असते आणि विचारायचे कुणाला हेच कळत नाही. एक गोष्ट आधी सांगतो. आकडा काढायला पाच मिनिटे लागतात. ज्या यादीवरून तो काढायचा, ती यादी नीट करायला महिना लागतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग यादीवरच खर्च झाला आहे.

आधी हे जवळ ठेवा

- प्रत्येक प्रकाशित निबंधाचे पहिले पान, अंकाचे मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिकेचे पान, यांची स्कॅन केलेली प्रत
- निबंधाला डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो. नसेल तर जर्नलचा आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक), खंड, अंक आणि पृष्ठक्रमांक
- पीएच.डी. प्रबंधाचा शोधगंगेवरील (भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातला) पत्ता
- महाविद्यालयाच्या नावाचा ईमेल आणि तुमचा वैयक्तिक ईमेल, दोन्ही
- नावात बदल झाला असल्यास राजपत्राची किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत
- एक्सेलची एक फाईल किंवा, माझ्यासारखे असाल तर, दोनशे पानी रजिस्टर

१. यादी स्वतःच्या हाताने लिहा

बहुतेक जण थेट गूगलवर नाव टाकतात आणि जे येईल ते स्वीकारतात. तसे करू नका. संगणक उघडण्याआधी तुमचे सर्व लेखन कालक्रमाने लिहून काढा : शोधनिबंध, परिषदेच्या कार्यवृत्तातील लेख, पुस्तकातील प्रकरणे, मराठी नियतकालिकांतील अभ्यासलेख. प्रत्येक नोंदीपुढे शीर्षक जसे छापले तसेच, लेखकांची नावे छापलेल्या क्रमाने, तुमचे नाव त्या ठिकाणी नेमके कसे छापले आहे ते, महाविद्यालयाचे नाव कसे छापले आहे ते, आणि पत्रव्यवहारासाठीचा लेखक कोण, हे लिहा. हे शेवटचे तीन रकाने लोक गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

माझ्या यादीत १४ निबंध निघाले. गूगल स्कॉलर मला १९ दाखवत होते.

२. नावाचा गुंता सोडवा

सायटेशन मोजणाऱ्या यंत्रणा माणूस ओळखत नाहीत. त्या अक्षरे ओळखतात. आपल्याकडे त्यामुळे चार प्रकारचे घोटाळे होतात आणि चारही मी पाहिले आहेत.

पहिला घोटाळा नावाच्या क्रमाचा. शाळेच्या दाखल्यापासून आपल्याला आडनाव, नाव, वडिलांचे नाव अशी सवय लागलेली असते. निबंधही त्याच क्रमाने पाठवला, तर जर्नल शेवटच्या शब्दाला आडनाव समजते आणि तुमचा निबंध वडिलांच्या नावाखाली जमा होतो. माझे दोन निबंध असेच कित्येक वर्षे माझ्या वडिलांच्या नावावर होते. त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘सातबारा तरी तुझ्या नावावर करतो बाप्पा, हे तू पाहून घे.’’

दुसरा घोटाळा इंग्रजी स्पेलिंगचा. वानखडे की वानखेडे, चौधरीमधला ‘औ’ कोणत्या अक्षरांनी, ठाकरेच्या शेवटी एक अक्षर की दोन. आधार कार्डावर एक, सेवापुस्तकात दुसरे आणि जर्नलमध्ये तिसरे. तिसरा घोटाळा समान आडनावांचा. आपल्या भागात देशमुख, राऊत, ठाकरे, राठोड किती आहेत हे वेगळे सांगायला नको, आणि आद्याक्षरेही जुळली की यंत्रणा दोन माणसांचा एक करून टाकते. माझ्या नावावरचे जादा पाच निबंध एका रसायनशास्त्राच्या संशोधकाचे होते. ते माझ्यापेक्षा बरेच चांगले काम करत असावेत, कारण त्यांच्यामुळे माझा एच-इंडेक्स ८ दिसत होता. गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या निबंधांवर नावे ‘बंग ए. टी.’ आणि ‘बंग आर. ए.’ अशी बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने दिसतात. एकाच घरातले, एकाच विषयातले दोन संशोधक असूनही घोळ टळतो, तो तीच आद्याक्षरे पुन्हा पुन्हा छापल्यामुळे. मधले आद्याक्षर गाळू नका, ते यासाठी.

चौथा घोटाळा विवाहानंतरच्या नावाचा. ज्या भगिनींचे पीएच.डी.पूर्वीचे निबंध माहेरच्या नावाने आणि नंतरचे सासरच्या नावाने आहेत, त्यांचे अर्धे काम यंत्रणेच्या दृष्टीने दुसऱ्याच बाईचे असते. प्रकाशनासाठी एकच नाव आयुष्यभर ठेवणे हा यावरचा साधा उपाय आहे. सेवापुस्तकातले नाव बदलले म्हणून निबंधावरचे बदलावेच लागते असा कोणताही नियम नाही. आधीच बदलले असेल तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

संस्थेच्या नावाचेही तसेच. नागपूर विद्यापीठाचे नाव २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यावर चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली महाविद्यालये तिकडे गेली. त्यामुळे चंद्रपुरातल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाच्या तीन निबंधांवर विद्यापीठाची तीन नावे सापडतात आणि यंत्रणा त्यांना तीन ठिकाणची तीन माणसे मानू शकते. आपल्या नावाची आणि संस्थेच्या नावाची जितकी रूपे छापली गेली आहेत, ती सगळी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी शोध घेताना ती एकेक करून टाकायची आहेत.

३. ऑर्किड क्रमांक घ्या

ऑर्किड हा संशोधकाचा १६ अंकी ओळखक्रमांक आहे. ही व्यवस्था २०१२ पासून सुरू आहे आणि ती विनामूल्य आहे. नोंदणीला दहा मिनिटे लागतात. दोन सावधगिरी बाळगा. मुख्य ईमेल वैयक्तिक ठेवा आणि महाविद्यालयाचा दुसरा म्हणून जोडा, कारण बदली झाली किंवा संस्थेने संकेतस्थळाचे पैसे भरले नाहीत की तो ईमेल बंद पडतो आणि खाते उघडता येत नाही. दुसरे, ‘इतर नावे’ या रकान्यात मागच्या पायरीतली सर्व रूपे भरा, माहेरचे नावही.

नंतर डीओआय असलेले निबंध क्रॉसरेफमधून (डीओआयची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून) आपोआप जोडण्याची परवानगी द्या आणि उरलेले हाताने भरा. यापुढे कोणत्याही जर्नलला निबंध पाठवताना हा क्रमांक द्या. मागचा गोंधळ त्याने पूर्ण मिटत नाही, पण पुढचा थांबतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या ‘विद्वान’ या संशोधकांच्या विदागारातही याच वेळी नोंद करून घ्यावी. आपल्याकडच्या समित्या ती विचारतात.

४. गूगल स्कॉलरचे खाते काढा आणि साफ करा

गूगल स्कॉलर २००४ मध्ये सुरू झाले. ते विनामूल्य आहे, प्रबंध, पुस्तके, अहवाल आणि अप्रकाशित मसुदेही मोजते, आणि म्हणून त्याचा आकडा जवळजवळ नेहमीच सर्वांत मोठा येतो. आपल्यासारख्यांसाठी ते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत बेभरवशाचे साधन आहे.

खाते काढताना ते तुमचे समजलेले निबंध गठ्ठ्याने पुढे करते आणि ‘सर्व जोडा’ असे सुचवते. तिथेच थांबा. रजिस्टर उघडा आणि एकेक निबंध ताडून मगच जोडा. नंतर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘नवे निबंध आपोआप जोडा’ हा पर्याय बंद करा आणि ‘आधी ईमेलने विचारा’ हा निवडा. मी हे केले नव्हते, म्हणून रसायनशास्त्राचे निबंध माझ्याकडे वस्तीला आले.

एकच निबंध दोनदा दिसत असेल, उदाहरणार्थ एकदा पूर्ण शीर्षकाने आणि एकदा अर्ध्या, तर दोन्ही निवडून एकत्र करा. मात्र परिषदेतला लेख आणि त्यावरून पुढे लिहिलेला निबंध हे वेगळे असतील, तर एच-इंडेक्स वाढावा म्हणून त्यांना जोडू नका. आकड्याशेजारी तारका दिसली, तर तो आकडा दुसऱ्या लेखाचे उल्लेख धरून आलेला असण्याची शक्यता आहे असे समजा आणि तपासा.

महाविद्यालयाच्या ईमेलने पडताळणी केल्याशिवाय तुमचे खाते स्कॉलरच्या शोधात इतरांना दिसत नाही. अनेक ग्रामीण महाविद्यालयांत सगळा कारभार जीमेलवर चालतो. प्राचार्यांना सांगून संस्थेच्या नावाचा ईमेल मिळवण्याचा आग्रह धरा. नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) कामासाठी आयक्यूएसीलाही, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षालाही, तो लागतोच.

५. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स : वर्गणीशिवाय जेवढे मिळते तेवढे

वेब ऑफ सायन्सचे मूळ युजीन गारफिल्ड यांच्या १९६४ मधल्या सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये आहे. स्कोपस २००४ चे. दोन्ही निवडक जर्नलेच मोजतात, म्हणून आकडे लहान येतात आणि समित्यांचा त्यांच्यावर अधिक विश्वास असतो. पूर्ण वर्गणी महाग आहे, परंतु स्कोपसवर लेखकाचे नाव शोधून त्याचे पान पाहायला वर्गणी लागत नाही. निबंधसंख्या, एकूण सायटेशन आणि एच-इंडेक्स तिथे दिसतो. रजिस्टरच्या पहिल्या पानावरची सर्व नावे टाकून पाहा. माझी दोन पाने निघाली, एकावर तीन आणि दुसऱ्यावर दोन निबंध. लेखक-दुरुस्तीची विनंती तिथूनच विनामूल्य पाठवता येते. ती पाठवली आणि काही दिवसांत दोन्ही पाने एक झाली. वेब ऑफ सायन्समध्येही संशोधक म्हणून नोंदणी करून आपले निबंध आपल्या नावावर मागता येतात.

सविस्तर अहवाल हवा असेल, तर ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात वर्गणी आहे तिथे जाण्याचा एक दिवस ठेवा, मात्र आधी फोन करून संगणक कक्ष कधी उघडा असतो ते विचारा. यवतमाळहून पहाटेची एसटी पकडून पोहोचावे आणि कक्ष बंद असावा, हे मी अनुभवलेले आहे.

ओपनअॅलेक्स हे २०२२ पासूनचे नवे खुले विदागार आहे. ते पूर्ण विनामूल्य आहे आणि सहलेखकांची माहितीही देते. नावांची सरमिसळ त्यातही आहे, तेव्हा रजिस्टर सोबत हवेच.

६. आता आकडे काढा

यादी शुद्ध झाल्यावर निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. माझ्या १४ निबंधांचे गूगल स्कॉलरवरचे आकडे असे होते : ४१, २३, १७, ९, ८, ६, ६, ४, २, १ आणि पुढचे चार शून्य. एकूण ११७.

एच-इंडेक्स भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. निबंधाचा क्रमांक आणि त्याची सायटेशन यांची जोडी लावत खाली या. सहाव्या निबंधाला ६ सायटेशन आहेत, म्हणजे चालले. सातव्यालाही ६ च आहेत, ती ७ पेक्षा कमी, म्हणून तिथे थांबायचे. एच-इंडेक्स ६. दहा किंवा अधिक सायटेशन असलेले निबंध तीन, म्हणून गूगलचा आय-टेन इंडेक्स ३. लिओ एगे यांचा २००६ मधला जी-इंडेक्स वरच्या निबंधांना अधिक न्याय देतो : पहिल्या दहांची बेरीज ११७ आहे आणि ती दहाच्या वर्गाहून, म्हणजे १०० हून, अधिक आहे, अकराव्यापर्यंतची बेरीज ११७ च राहते आणि अकराचा वर्ग १२१, म्हणून जी-इंडेक्स १०.

सरासरी निबंधामागे ८.४ येते. मला ती फसवी वाटते, कारण एकट्या ४१ च्या निबंधाने ती ओढून धरली आहे. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढला तर तो ५ येतो, आणि माझ्या कामाचे ते अधिक प्रामाणिक चित्र आहे.

स्वतःची सायटेशन वजा केलेला आकडाही द्या. आपला आधीचा निबंध पुढच्या निबंधात उल्लेखणे यात गैर काही नाही. एकाच तलावावर दहा वर्षे काम करणाऱ्याने दुसऱ्या कुणाचा संदर्भ द्यायचा? पण ते लपवू नये. प्रत्येक निबंधाखालच्या ‘उल्लेख करणारे’ या दुव्यावर जाऊन मी आणि माझे सहलेखक जिथे लेखक आहेत ते उल्लेख वगळले. एकूण २७ निघाले, म्हणजे सुमारे २३ टक्के. उरलेले आकडे २९, २०, १५, ९, ५, ५, ३, ३, १ असे झाले आणि एच-इंडेक्स ५ वर आला. फाईलमध्ये मी दोन्ही लिहिले. त्यावर कुणी शेरा मारला नाही.

मधेच एक इशारा : इम्पॅक्ट फॅक्टर तुमचा नसतो

‘माझा इम्पॅक्ट फॅक्टर ५.८ आहे’ असे शिक्षक कक्षात ऐकू येते. इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो : मागच्या दोन वर्षांत त्यात आलेल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या लेखांची संख्या. त्या जर्नलमधल्या तुमच्या निबंधाला एकही सायटेशन नसू शकते. खरा इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये जून महिन्याच्या सुमारास जाहीर होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत ‘थॉमसन रॉयटर्सची यादी’ असे शब्द आहेत. तो व्यवसाय २०१६ मध्येच क्लॅरिव्हेटकडे गेला, तेव्हा शोधायचे इकडेच.

व्हॉट्सअॅपवर ‘तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह’ अशी जाहिरात करणारी जर्नले मुखपृष्ठावर कुठला तरी ‘जागतिक’ इम्पॅक्ट फॅक्टर छापतात. तो विकत मिळतो. आयएसएसएन म्हणजेही गुणवत्तेची खूण नव्हे. तो केवळ नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे. २०१९ मध्ये आलेली यूजीसी-केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केल्याचे जाहीर केले, त्यामुळे आता जर्नल पारखण्याची जबाबदारी तुमची आणि महाविद्यालयाची आहे. जुने निबंध केअर यादीच्या काळातले असतील, तर प्रकाशनाच्या वेळी जर्नल यादीत होते याचा पुरावा हाताशी असेल तो जपून ठेवा.

७. तुलना कुणाशी करायची ते ठरवा

वैद्यकशास्त्रातल्या निबंधांना सर्वसाधारणपणे गणितातल्या निबंधांपेक्षा पुष्कळ अधिक सायटेशन मिळतात. एच-इंडेक्स वयाबरोबर वाढतो आणि एकाच स्रोतात सहसा खाली येत नाही, त्यामुळे तिशीतल्या शिक्षकाची निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकाशी तुलना करणे म्हणजे पेरणी झालेल्या शेताची वेचणीला आलेल्या पऱ्हाटीशी तुलना करणे. विषयानुरूप तुलनेचे अधिकृत निर्देशक वर्गणीच्या साधनांत मिळतात. ते नसतील, तर मी वापरलेला हा उपाय करून पाहा.

तुमचा निबंध ज्या अंकात आला, त्याच अंकातले बाकीचे सर्व निबंध घ्या. विषय तोच, वर्ष तेच, जर्नल तेच. प्रत्येकाची गूगल स्कॉलरवरची सायटेशन लिहा आणि उतरत्या क्रमाने लावा. तुमचा क्रमांक कितवा येतो आणि मधला आकडा किती आहे, ते पाहा. एका निबंधाला अर्धा तास लागतो, लाईट असली तर. माझ्या ४ सायटेशनच्या एका निबंधाविषयी मला संकोच वाटत असे; त्या अंकातल्या ११ निबंधांत तो तिसरा निघाला आणि मधला आकडा १ होता. उलट १७ चा निबंध ज्या अंकात होता, तिथे तो खालच्या अर्ध्यात होता.

८. उल्लेख वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. तुमचा उल्लेख करणारा निबंध उघडा, तुमचे नाव जिथे आले ते वाक्य शोधा आणि रजिस्टरमध्ये उतरवा. मी चार खुणा ठेवल्या : नुसता ओझरता उल्लेख, पद्धत वापरली, माहिती वापरली, विरोध केला. ४१ सायटेशनच्या माझ्या निबंधात केवळ एका तलावातल्या माशांची यादी आहे. त्यातले ३० हून अधिक उल्लेख ‘अशा याद्या इतरत्रही झाल्या आहेत’ या एका वाक्यातले, कंसात दहा नावांच्या ओळीत उभे असलेले. ज्या निबंधावर मी चार वर्षे घालवली त्याला ८ च आहेत, पण त्यातल्या तिघांनी माझी मोजणीची पद्धत जशीच्या तशी वापरली आहे. समितीपुढे बोलण्याची वेळ आली, तेव्हा मी त्या तिघांविषयी बोललो.

विरोध करणारा उल्लेखही सायटेशन म्हणूनच मोजला जातो, हेही लक्षात असू द्या. कुणी चूक दाखवली असेल, तर ती समितीने काढण्याआधी तुम्हाला माहीत असलेली बरी.

९. सहलेखन मोजा

यादीतल्या प्रत्येक निबंधापुढे लेखकसंख्या लिहा. माझे ३ निबंध एकट्याचे, ६ दोघांचे, ३ तिघांचे आणि २ चौघांचे आहेत. के. सुब्रह्मण्यम यांनी १९८३ मध्ये सुचवलेले सहकार्याचे प्रमाण सोपे आहे : अनेक लेखकांचे निबंध भागिले एकूण निबंध, म्हणजे ११ भागिले १४, अर्थात ०.७९. पण ते दोघांचा आणि चाळीस जणांचा निबंध एकाच मापाने मोजते. म्हणून वाट्याचाही हिशेब करा : एकट्याच्या निबंधाला १, दोघांच्या निबंधाला अर्धा, तिघांच्या निबंधाला एक तृतीयांश, चौघांच्या निबंधाला पाव. माझी बेरीज ३ अधिक ३ अधिक १ अधिक अर्धा, म्हणजे ७.५ आली. १४ निबंधांच्या नावामागे साडेसात निबंधांचा वाटा, असा त्याचा अर्थ.

आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतला हिशेब वेगळा आहे आणि तो पाठच असावा : दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के; दोनपेक्षा अधिक असतील तर प्रथम, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के. म्हणूनच पहिल्या पायरीत लेखकांचा क्रम आणि पत्रव्यवहाराचा लेखक लिहायला सांगितले. तिसऱ्या क्रमांकाचा लेखक असून ७० टक्के लावलेले मी अनेक फायलींत पाहिले आहे. ते छाननीत हमखास पकडले जाते.

आकड्यांनंतर चित्र काढा. कोऱ्या कागदावर मधे स्वतःचे नाव, भोवती सहलेखकांची नावे, आणि जितके निबंध एकत्र तितक्या रेषा. पाच-दहा मिनिटांत दिसते की सगळ्या रेषा तुमच्या पीएच.डी. मार्गदर्शकाकडे जातात, की विद्यापीठाबाहेर, राज्याबाहेर कुठे जातात. माझ्या १४ पैकी ९ निबंधांत माझे मार्गदर्शक होते, पीएच.डी. संपून आठ वर्षे झाल्यावरही मी त्यांच्याच सावलीत उभा होतो, हे कागदावर पाहिले तेव्हा जरा झोंबले. हेच चित्र संगणकावर हवे असेल, तर नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. पण १४ निबंधांना कागद पुरतो.

पाहुण्या लेखकांविषयी स्पष्ट लिहितो. ‘तुम्ही माझे नाव टाका, मी तुमचे टाकतो’ हा व्यवहार आपल्याकडे चालतो. त्याने निबंध वाढतात, वाट्याच्या बेरजेत मात्र कुणाचाच फायदा होत नाही, आणि मुलाखतीत त्या निबंधातल्या आलेखाविषयी विचारले की भंबेरी उडते. कुणी काय केले हे लिहिण्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी अनेक जर्नले वापरतात : कल्पना, पद्धत, माहिती गोळा करणे, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. जर्नलने मागितली नाही तरी प्रत्येक निबंधासाठी ती रजिस्टरमध्ये भरा. जी कामे त्या यादीत बसत नाहीत तीही लिहा. ज्या भोई बांधवांनी मला तीन वर्षे पहाटे जाळे टाकून नमुने दिले आणि प्रत्येक माशाचे स्थानिक नाव सांगितले, त्यांच्याशिवाय ४१ सायटेशनचा तो निबंध झालाच नसता. ते कोणत्याही आकड्यात येत नाहीत. आभारात त्यांची नावे पूर्ण छापलेली असावीत, ‘स्थानिक मच्छीमार’ अशी नकोत.

१०. मराठीतले आणि आकड्यांबाहेरचे उल्लेख

मराठी, इतिहास, लोकसाहित्य शिकवणाऱ्यांनी वरचे आकडे पाहून खचून जाऊ नये. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीवरचा, महानुभाव वाङ्मयावरचा लेख प्रामुख्याने मराठी पुस्तकांत आणि प्रबंधांत उल्लेखला जातो, आणि ती पुस्तके या यंत्रणांपर्यंत फारशी पोहोचत नाहीत. इथे उल्लेखवही हाताने ठेवावी लागते : ग्रंथाचे नाव, प्रकाशन वर्ष, पृष्ठक्रमांक, उल्लेखाचे वाक्य, आणि त्या पानाची व शीर्षक पानाची छायाप्रत. शोधगंगेवरच्या प्रबंधांच्या संदर्भसूचीही चाळा. माझ्या मराठी विभागातल्या सहकाऱ्यांना तिथे आपले उल्लेख सापडले, ज्यांची त्यांना कल्पनाही नव्हती. अभ्यासक्रमात तुमचे प्रकरण संदर्भ म्हणून लागले असेल, तर तो अभ्यासक्रमही जोडा.

विज्ञानातही प्रभाव केवळ उल्लेखांत नसतो. गडचिरोली जिल्ह्यात ३९ गावांत प्रयोग आणि ४७ गावांशी तुलना करून झालेले घरच्या घरी नवजात बालकांच्या काळजीचे संशोधन १९९९ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याची सायटेशन भरपूर आहेत, परंतु आशा कार्यकर्तीने घरी येऊन बाळाला पाहणे हा राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग होणे, हे त्यापलीकडचे आहे. आपले काम त्या उंचीचे नसेल. तरी ग्रामपंचायतीने तलावाच्या ठरावात, कृषी विज्ञान केंद्राने पुस्तिकेत किंवा वन विभागाने आराखड्यात ते वापरले असेल, तर त्या कागदाची प्रत मागून घ्या. पत्र लिहून मागितली तर मिळते, तोंडी मागितली तर विसरली जाते.

११. फाईलमध्ये असे लिहा

आकडा एकटा लिहू नये. स्रोत, तारीख, निबंधसंख्या आणि स्वतःची सायटेशन धरली की वगळली, या चार गोष्टी त्याच वाक्यात याव्यात, आणि त्या दिवशीचे पान छापून, त्यावर तारीख टाकून सही करून मागे जोडावे. गूगल स्कॉलरचा आकडा एखादे संकेतस्थळ बंद पडले तर कमीही होतो, म्हणून छापील पान लागतेच. शिवाय सर्व ठिकाणी एकाच दिवशी पाहा. माझ्या दुसऱ्या फाईलमधला परिच्छेद असा होता. आपापले आकडे घालून वापरायला हरकत नाही :

‘‘गूगल स्कॉलरवर दि. ___ रोजी पाहिल्यानुसार माझ्या नावावरील तपासलेले निबंध १४, एकूण सायटेशन ११७, एच-इंडेक्स ६. स्वतःची व सहलेखकांची सायटेशन वगळता एकूण ९०, एच-इंडेक्स ५. स्कोपसवर त्याच दिवशी निबंध ५, एच-इंडेक्स ३. तेथील दोन लेखक-पाने दुरुस्तीनंतर एक करण्यात आली आहेत. १४ पैकी ३ निबंध एकट्याचे असून सहलेखनातील वाट्यानुसार एकूण योगदान ७.५ निबंध इतके आहे. प्रत्येक आकड्याच्या पानाची स्वाक्षरी केलेली प्रत परिशिष्ट ‘क’ मध्ये जोडली आहे.’’